तारीख ठरवायची ती बर्फाला विचारून

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कॅनडातील टोरोंटो आणि आसपासच्या शहरांत शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त आलेल्या मराठी तरुणांची संख्या आता मोठी आहे, आणि हिवाळा लागला की त्यांच्यापैकी अनेकांना गोठलेल्या तळ्यावर जाऊन, बर्फाला भोक पाडून लेक ट्राउट नावाचा मासा धरण्याची हौस येते. हौस चांगलीच आहे. मी स्वतः सिमको तळ्याच्या काठी राहतो आणि दर हिवाळ्यात हा छंद मनापासून जोपासतो. परंतु या सहली ज्या क्रमाने आखल्या जातात तो पाहून काळजी वाटते. आधी ऑफिसातली रजा मंजूर होते, मग मित्रांच्या सोयीची तारीख ठरते, मग मासे धरण्यासाठी बर्फावर उभारलेल्या भाड्याच्या झोपडीचे आगाऊ पैसे भरले जातात, आणि बर्फ धरला आहे की नाही याची चौकशी निघायच्या आदल्या रात्री होते. हा क्रम उलटा झाला पाहिजे, एवढ्यासाठी हे पत्र.

सिमको हे सुमारे ७२० चौरस किलोमीटरचे तळे टोरोंटोहून गाडीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. त्याच्या दक्षिणेकडचा कुक्स बे हा फाटा उथळ असल्यामुळे लवकर गोठतो, आणि तिथे लहान पर्च मासा भरपूर मिळतो. लेक ट्राउट मात्र खोल पाण्याचा मासा. त्याच्यासाठी लोक बॅरी शहराजवळच्या केंपनफेल्ट बेकडे वळतात, जिथे तळाची खोली ४० मीटरपर्यंत जाते, आणि खोल पाणी उशिरा निवत असल्यामुळे नेमका हाच भाग उशिरा गोठतो. नियमाप्रमाणे इथला लेक ट्राउटचा हिवाळी हंगाम १ जानेवारीला उघडतो आणि १५ मार्चला संपतो, पण हंगाम उघडला म्हणजे तळे चालण्याजोगे झाले असे नव्हे. २०२३-२४ चा हिवाळा कॅनडाच्या नोंदीतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला, आणि त्या वर्षी इथे झोपड्या भाड्याने देऊन पोट भरणाऱ्यांचा हंगाम जवळजवळ हातचा गेला. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, एक तारीख न धरता जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत दोन-तीन शनिवार मोकळे ठेवावेत, आणि बर्फ नसल्यास पैसे परत मिळतील किंवा तारीख पुढे जाईल, हे झोपडीवाल्याकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पण बंदी उठली तरी वारा पडला नसेल तर जाणता कोळी होडी लोटत नाही. बर्फाच्या बाबतीत तीच शिस्त हवी.

बर्फाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. सगळा बर्फ सारखा नसतो. पारदर्शक, निळसर-काळा दिसणारा बर्फ मजबूत असतो; त्यावर पडलेला हिम भिजून पुन्हा गोठला की जो पांढरा, दुधी बर्फ तयार होतो त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे तिथे जाडी दुप्पट हवी. एकट्या माणसाला चालायला चांगला बर्फ किमान १० सेंटीमीटर हवा असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. कॅनडाची रेड क्रॉस संस्था मात्र एकट्यासाठी १५, घोळक्यासाठी २० आणि स्नोमोबाइल या बर्फावरून धावणाऱ्या गाडीसाठी २५ सेंटीमीटर सांगते, आणि नवख्याने हेच आकडे पाळावेत. शिवाय एका भोकापाशी मोजलेली जाडी पन्नास पावलांवर खरी ठरेलच असे नाही. ओढ्याच्या मुखाशी, झऱ्याच्या वर, धक्क्याच्या खांबांजवळ आणि जाड हिमाच्या पांघरुणाखाली बर्फ पातळ राहतो. जाणकार माणूस हातात लोखंडी पहार घेऊन चालतो आणि दर काही पावलांवर पुढचा बर्फ ठोकून पाहतो. घट्ट बर्फावर खणखणीत आवाज येतो, आणि एकदोन घावांत पहार आरपार गेली तर तो आल्या पावली मागे फिरतो. सिमकोसारख्या मोठ्या तळ्यावर आणखी एक धोका असतो: बर्फाला लांबच लांब भेगा पडतात, आणि जोराचा वारा सुटला की भेगेपलीकडचा बर्फाचा अख्खा पत्रा माणसांसकट काठापासून दूर सरकू शकतो. त्यामुळे तापमानाइतकाच वाऱ्याचा अंदाज पाहावा. गाडी बर्फावर नेऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे, मग शेजारी कितीही गाड्या उभ्या दिसोत.

पहिल्यांदा जाणाऱ्याने स्वतः भटकण्यापेक्षा परवानाधारक झोपडीवाल्याबरोबर जावे. तो बर्फ रोज मोजतो, माणसे आपल्या वाहनाने नेतो-आणतो, आणि गिरमिटाने भोके पाडून देतो. तरीही तरंगणारे जाकीट, पाण्यात पडल्यास बर्फात रुतवायला गळ्यात अडकवायचे टोकदार हातखिळे आणि एक लांब दोर आपापला न्यावा. झोपडीत गॅसची शेगडी असते, तेव्हा हवेची वाट उघडी ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे छोटे यंत्र सोबत ठेवावे.

परवान्याबाबत आपल्या लोकांचा एक गैरसमज वारंवार दिसतो. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना ओंटारिओत, म्हणजे आमच्या या प्रांतात, मासेमारीचा परवाना विकत घ्यावा लागत नाही, ही सवलत कॅनडाच्या रहिवाशांपुरती आहे. पुण्याहून किंवा नाशिकहून मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांना ती लागू होत नाही. त्यांनी गळ हातात धरायचा तर अनिवासी परवाना काढावा लागतो. फेब्रुवारीतल्या विनापरवाना मासेमारीच्या सुट्टीलाही हीच अट आहे. जिवंत आमिषाचे नियम २०२२ पासून कडक झाले असून, आमिष एका विभागातून दुसऱ्या विभागात नेता येत नाही आणि आपल्या विभागाबाहेर ते विकत घेतले तर पावती जवळ ठेवावी लागते. गळ टाकून झोपडीत गप्पा मारत बसणेही चालत नाही: आपला प्रत्येक गळ ६० मीटरच्या आत आणि नजरेसमोर असला पाहिजे. माशांच्या संख्येची मर्यादा तळ्यागणिक वेगळी असते आणि बदलतेही, म्हणून ती त्या वर्षीच्या सरकारी नियमावलीत पाहूनच निघावे.

आता ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या माशाविषयी. लेक ट्राउटला थंड आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात वरचे पाणी तापले की तो खोल तळाशी अडकून पडतो. हिवाळ्यात मात्र बर्फाखाली सगळेच पाणी थंड असल्यामुळे तो तळापासून थेट बर्फापर्यंत कुठेही फिरतो. म्हणूनच त्याला धरण्यात गंमत आहे. भोकातला बर्फाचा चुरा झाऱ्याने काढून वीस-पंचवीस मीटर खाली पांढरे रबरी आमिष सोडावे, आणि पाण्याखालचे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आमिषाखाली दुसरी रेघ उमटली की नवखा माणूस श्वास रोखून हात थांबवतो. तिथेच मासा निघून जातो. हा मासा शिकारी आहे आणि पळणाऱ्या भक्ष्याचा पाठलाग करतो. म्हणून आमिष एकसारखे वर ओढत राहावे, तो मागोमाग येतो आणि कधीकधी भोकापासून चार-पाच मीटरवर झडप घालतो.

असा हा मासा फार सावकाश वाढतो. अंडी घालण्याजोगे व्हायला त्याला सहा-सात वर्षे, पुष्कळ तळ्यांत त्याहूनही अधिक लागतात, आणि तो वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. सिमकोत शेते आणि शहरांतून वाहून आलेल्या फॉस्फरसमुळे शेवाळ माजले, ते कुजताना खोल पाण्यातला प्राणवायू संपत गेला, आणि लेक ट्राउटची नैसर्गिक वीण जवळपास थांबली. पुढे कित्येक दशके पैदास केंद्रातली पिल्ले सोडूनच हा मासा इथे टिकवावा लागला. २००८ मध्ये या एका तळ्यासाठी स्वतंत्र कायदा झाला, आणि त्याखालच्या आराखड्यात खोल पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम प्राणवायू राखण्याचे उद्दिष्ट ठरले. आता तळ्यातच जन्मलेले मासेही पुन्हा सापडू लागले आहेत. सोडलेल्या पिल्लांचा एखादा पर ओळखीसाठी कापलेला असतो. सर्व पर शाबूत असलेला मासा बहुधा तळ्यातच जन्मलेला. कायदा तो ठेवू देत असला तरी माझी विनंती आहे की, तो परत सोडावा. सोडताना फोटोसाठी त्याला बर्फावर आपटू नये. उणे वीस अंशांत त्याचे डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठतात. गळ सोडवून त्याला डोक्याकडून भोकात सरळ उतरवावे.

खाण्यासाठी एखादा मध्यम मासा ठेवावा. मोठ्या, वयस्क लेक ट्राउटच्या मांसात पारा साठत जातो, आणि लहान मुलांनी व मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी तो किती खावा याची तळेवार माहिती ओंटारिओ सरकार प्रसिद्ध करते. ती घरातल्या स्वयंपाक करणाऱ्याने अवश्य पाहावी.

शेवटी आपल्याला एक विनंती. परदेशातील हिवाळी सहलींवरचे लेख आणि गोठलेल्या तळ्यांची छायाचित्रे आपल्या पुरवणीत प्रसिद्ध होतील तेव्हा, छायाचित्र कोणत्या महिन्यातले आहे आणि त्या दिवशी बर्फ किती जाड होता, हे लेखकाकडून मागून घेऊन चित्राखाली छापावे. फेब्रुवारीच्या मध्यातले छायाचित्र पाहून डिसेंबरात तिकीट काढणाऱ्या वाचकाला त्या दोन ओळींचा मोठा उपयोग होईल.

आपला,
एक वाचक, बॅरी, ओंटारिओ