तो आकडा

प्रिय दोस्ता,

चार महिने पत्र नाही, तुझे दोन फोनही उचलले नाहीत. रागावला असशीलच. तब्येत बरी आहे, खोकला गेला. पण काल ओपीडीत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

गुडघेदुखीसाठी एक बाई आल्या होत्या. बीपीचा पट्टा त्यांच्या दंडाला पुरेना. फुगवला की चर्रकन सुटायचा. तिसऱ्यांदा त्यांनीच तो दुसऱ्या हातानं दाबून धरला, "सवय आहे मला," म्हणाल्या. आणि मी, गुडघ्याला हातही न लावता, म्हणालो, "आधी वजन कमी करा."

"अकरा किलो केलं होतं, डॉक्टर. चौदा परत आलं."

अरे, हे मला पाठ आहे! वजन उतरलं की भूक आवरणारं हार्मोन, लेप्टिन, घटतं, भूक वाढते, शरीर ऊर्जा जपून खर्चतं. तोंडी परीक्षेत घडाघडा सांगितलं होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 25 पासून जादा वजन, 30 पासून स्थूलता, आशियाई लोकांत धोका 23 पासूनच. लहान पट्ट्यानं बीपी खोटंच जास्त दिसतं, तेही ठाऊक. त्या बाईंसमोर यातलं काही आठवलं नाही.

आठवलं ते कॉलेजातलं पीएसएमचं, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विषयाचं, प्रॅक्टिकल. तू काट्यावर, आणि मी तुझा आकडा अख्ख्या बॅचला ऐकू जाईल असा वाचला. लांबू सगळ्यात मोठ्यानं हसला. तू पंधरा दिवस बोलला नाहीस आणि मी भांडत राहिलो, "आकडाच तर वाचला!" चुकलो रे. तो हळू वाचता आला असता.

रोज मैदानावर जाणारा आपल्यात तू एकटा. आम्ही परीक्षेआधी रात्र-रात्र जागायचो, दोन वाजता हाताला लागेल ते खायचो, आणि व्यायामाचे सल्ले मात्र तुला द्यायचो. लांबूचं पोट सुटलं होतं, पण हातपाय काड्यांसारखे म्हणून तो सुटला. कंबर 90 सेंटीमीटरच्या वर गेली की पुरुषांना धोका, हे शिकूनही त्याच्या कंबरेला टेप कुणी लावली नाही.

बाई गेल्यावर वॉर्डातली कपाटं उपसली. मोठा पट्टा सगळ्यात खाली होता, प्लास्टिकही न फाडलेला.

तुझी बदली झाली का? आईंच्या डोळ्याचं ऑपरेशन कधी? कळव.

बाई गुरुवारी परत येणार आहेत. पट्टा माझ्या टेबलावर आणून ठेवलाय. आधी गुडघा बघणार आहे.

तुझाच,
मी