नागपूरच्या पोरांची तोंडं तिशीच्या आधी तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

महापालिकेच्या आरोग्य शिबिरांच्या बातम्या आपल्या पेपरात येत असतात, बीपी तपासलं, शुगर तपासली, चष्म्याचे नंबर काढले, ते सगळं चांगलंच आहे आणि आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा फायदाही झाला. पण वीस-बावीस वर्षांच्या पोरांचं तोंड किती उघडतं हे कोणीच बघून नाही राहिलं, आणि घरोघरी खर्रा (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खाणाऱ्या आपल्या शहरात तेच आधी बघायला पाहिजे असं माझं मत आहे, म्हणून हे पत्र.

मी मानेवाड्याकडे मेस चालवते. जेवायला येणारे बहुतेक पोरं बाहेरगावचे, यवतमाळ, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे, कोणी आयटीआयला आहे, कोणी पोलीस भरतीची तयारी करून राहिला, कोणी दिवसभर गाडीवर डिलिव्हरी करतो. रोज दोन टाइम समोर बसून जेवणाऱ्या माणसाचं तोंड मेसवालीला जेवढं दिसतं तेवढं त्याच्या आईलाही आता दिसत नाही, कारण ती गावाला आहे. तर सुरुवात कशी होते ते सांगते. पोरगा आधी म्हणतो काकू तर्री कमी टाका. मग ठेचा बंद होतो, मग लोणचं. विदर्भातला पोरगा, सावजी खाऊन वाढलेला, आणि त्याला साध्या वांग्याच्या भाजीचं तिखट झोंबते म्हणजे काहीतरी गडबड आहे हे ओळखायला डॉक्टर असायची गरज नाही. मग तो भाकर नको म्हणतो, पोळीचे बारीक बारीक तुकडे करून बोटाने आत सरकवतो, चमचा आडवा करून घालतो, आणि शेवटी फक्त वरण-भातावर येतो. घोटभर पाणी प्यायला पण मान वर करतो.

असाच एक पोरगा होता माझ्याकडे, एकवीस वर्षांचा, दिसायला एकदम फिट, सकाळी साडेपाचला रेशीमबागच्या मैदानावर धावायला जायचा. एक दिवस त्याला बसवलं आणि म्हटलं आ कर. त्याने केला तेवढा आ म्हणजे माझी दोन बोटं पण नीट बसली नसती. म्हटलं कधीपासून असं आहे, तर म्हणे काकू दुखत तर नाही, अक्कलदाढ येऊन राहिली असंन. खर्रा दहावीपासून चालू होता, दिवसाचे पाच-सहा. त्याला वाटायचं आपण दारू पीत नाही, सिगरेट ओढत नाही, म्हणजे आपल्याला व्यसन नाही, आणि हे मनापासून वाटायचं त्याला. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात पाठवला तेव्हा कळलं की याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात.

माझ्याकडून डब्बा नेणारी डेंटलची एक मुलगी आहे, तिला मी हे सगळं खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली याचं मूळ कारण सुपारी. सुपारीत अरेकोलीन नावाचं द्रव्य असते, त्याने गालाच्या आतल्या नाजूक कातडीखाली घट्ट तंतू तयार होतात आणि वाढतच जातात, आतून गाल पांढरट पडतो, बोट फिरवलं तर दोऱ्या ताणल्यासारखं हाताला लागते. सुरुवात जळजळीने होते, मग जबडा आखडत जातो, मग जीभ नीट बाहेर येत नाही, शिट्टी वाजत नाही, गाल फुगवता येत नाही. वरून खर्ऱ्यात तंबाखू आहेच आणि चुना आहे, चुन्याने कातडी सोलवटते आणि तंबाखूतलं निकोटीन लवकर भिनते, म्हणून सुटत नाही. आणि जे आईबाप लेकराला गोड सुपारीची पुडी देतात ना, की यात तंबाखू नाही म्हणून, त्यांनी हे ऐकावं की जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००३ मध्येच नुसत्या सुपारीला पण माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थात टाकलं आहे. तंबाखू नसली म्हणून ती साधी होत नाही.

सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही, उगाच घाबरवायचं नाही मला. केरळात या आजाराच्या रोग्यांवर १७ वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यातल्या ७.६ टक्के लोकांना पुढे तोंडाचा कॅन्सर झाला. पण ज्यांना कॅन्सर होत नाही त्यांचं पण तोंड बंद होतच राहते जर खर्रा चालू राहिला तर, आणि एकदा तयार झालेले तंतू पूर्ण विरघळून पहिल्यासारखं तोंड होत नाही. लवकर कळलं आणि खर्रा सोडला तर तिथल्या तिथे थांबवता येते, तोंड उघडायचे व्यायाम असतात, औषधं असतात, गालात इंजेक्शनं देतात. उशीर झाला की ऑपरेशन. म्हणजे सगळा खेळ लवकर कळण्याचा आहे.

आणि इथेच आपली सरकारी योजना पोरांच्या हातून सुटते. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम येते, ती १८ वर्षांपर्यंत बघते, तीही सरकारी आणि अनुदानित शाळेत, वर्षातून एकदा. नंतर आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात त्यात तंबाखू विचारतात, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पण आहे, पण ती ३० वर्षांच्या वरच्यांसाठी. मधली बारा वर्षं कोणाची? पोरगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी खर्रा धरतो, विशीत त्याचं तोंड आखडते, आणि सरकार त्याच्या तोंडात टॉर्च मारणार तिसाव्या वर्षी! बीपी-शुगरसाठी तीस हे वय बरोबर असेल, तोंडासाठी विदर्भात ते फार उशिराचं आहे. शिवाय आशाताई येतात त्या घरी, आणि ही पोरं घरी नसतातच, ती भाड्याच्या खोलीत चार-चार जण राहतात आणि दिवसभर बाहेर, त्यांचं नाव कोणत्याच वस्तीच्या यादीत नाही.

दुसरं म्हणजे जनजागृती. बसस्टँडवर बघा, ऑफिसात बघा, दवाखान्यात बघा, बोर्डावर फुली मारलेली सिगरेट असते. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रात बिडी-सिगरेट ओढणारे मोठे माणसं ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू चघळणारे-खाणारे २४.४ टक्के, म्हणजे जवळपास चारात एक. तरी चित्र सिगरेटचंच. तंबाखूच्या पुडीवर ८५ टक्के जागेत ते भयंकर चित्र असते, त्यावर सोडण्यासाठी टोल फ्री नंबर पण छापलेला असतो, १८००-११-२३५६, चांगली सोय आहे. पण खर्ऱ्याला पुडी कुठे आहे? पानठेल्यावर कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत टाकून तुमच्यासमोर घोटतात आणि तीच पन्नी गुंडाळून हातात देतात, तिच्यावर ना चित्र, ना नंबर, ना कोणाचं नाव. म्हणजे देशभराची सगळी समजावणी ज्या कागदावर छापली तो कागदच आपल्या खर्ऱ्याला नाही. त्या पन्न्या मग नालीत, नालीतून नाग नदीत, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन.

३१ मे ला तंबाखूविरोधी दिवस असतो. त्या दिवशी रॅली निघते, शपथ घेतात. आता ३१ मे ला नागपुरात काय असते सांगा, ऊन पंचेचाळीसच्या आसपास आणि शाळा-कॉलेज बंद, विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. ज्या पोरांसाठी शपथ आहे ते गावाला गेलेले आणि शपथ घेणारे सगळे ऑफिसातले. दिल्ली-जिनिव्हाच्या तारखेला मान द्या, बोर्ड लावा, पण खरा कार्यक्रम जुलैत ठेवा ना, ॲडमिशन चालू असतात तेव्हा, आयटीआय, पॉलिटेक्निक, ज्युनिअर कॉलेजच्या दारात, ब्लड ग्रुप विचारतात तसं एकदा तोंड उघडून बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं.

बघायला फार काही लागत नाही. आपली स्वतःची तीन बोटं, अंगठ्याजवळचं, मधलं आणि करंगळीच्या बाजूचं, उभी धरून वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमध्ये जातात का बघायचं. गेली तर ठीक. नाही गेली, किंवा साधं तिखट झोंबते, किंवा गालात पांढरा चट्टा आहे, किंवा तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यात भरत नाही, तर सरळ डेंटलला जायचं. एवढं जर नागपूरच्या प्रत्येक पोराला पाठ झालं तर कितीतरी जण वेळेत पोचतील. मी मेसच्या बेसिनवरच्या आरशाखाली हेच कागदावर लिहून चिकटवलं आहे, हात धुताना पोरं करून बघतात, एकमेकांना करायला लावतात, आणि ज्याचं जात नाही तो चूप होतो, मग दोन दिवसांनी एकटा येऊन विचारतो काकू ते डेंटल कुठे आहे. लेक्चर दिलं असतं तर आला नसता.

म्हणून माझं म्हणणं आहे की पोरं जिथे असतात तिथे जा. सकाळी भरतीवाल्यांच्या मैदानावर जा, त्यांना शरीराची किंमत कळते, तिथे कोणी खेळाडू किंवा पोलिसातला माणूस बोलला तर ऐकतील. अभ्यासिकांमध्ये जा, मेसमध्ये, हॉस्टेलमध्ये, डिलिव्हरीवाले जमतात त्या चौकांमध्ये, कळमना मार्केटला, ऑटो स्टँडला. मारबत आपल्या नागपूरची, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणारे ते मोठे पुतळे, काळी-पिवळी मारबत बघायला इतवारी-महालात पाय ठेवायला जागा नसते, दरवर्षी सोबत कसले कसले बडगे म्हणजे टोमणे मारणारे पुतळे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे. मंडळांना हात जोडून विनंती आहे की एक मोठा खर्ऱ्याचा बडग्या काढा, तीन बोटांचं चित्र घेऊन, आणि खोकला-रोगराईसोबत खर्रा पण घेऊन जा गे मारबत म्हणा. त्या गर्दीत जे पोचेल ते कुठल्याच पोस्टरने पोचणार नाही.

गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, शाळेपासून १०० यार्डात आणि १८ च्या खालच्याला तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा आहे. कायदा पाळला गेलाच पाहिजे, निदान शाळेसमोरचे ठेले तरी हलवा, त्यात कोणाला सूट नको. पण नुसत्या धाडींवर माझा भरवसा नाही, ठेला इथून उठला की पुढच्या गल्लीत लागतो. ठेलेवाल्याचंही पोट आहे हे मला कळते, मी पण दुकानच चालवते. आपल्याच विदर्भातल्या गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेने सरकारसोबत मुक्तिपथ नावाचं दारू-तंबाखू कमी करायचं काम चालवलं, गावोगावच्या बायांनी बसून ठरवलं की आमच्या गावात खर्रा-दारू विकायची नाही आणि ते करून दाखवलं. जंगलातल्या गावांना जमते तर महापालिकेचे दहा झोन, मेडिकल, मेयो, एम्स, डेंटल कॉलेज, तुकडोजी पुतळ्याजवळचं कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय म्हणजे नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, एवढं सगळं असलेल्या शहराला का नाही जमणार? आपल्याकडे कॅन्सर झाल्यावर जायच्या जागा आहेत. त्याच्या दहा वर्षं आधी जायची जागा पोराला माहीत नाही.

बायांचं पण लिहायचं होतं. कामावरच्या कितीतरी बाया खर्रा खातात आणि लपवतात, पोटुशी असताना पण, आणि तंबाखूने बाळाचं वजन कमी भरते. तिथे आशाताईच विचारू शकतात, पण घरात सासू समोर नसताना, कानाजवळ बसून विचारावं.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला माझं सांगणं एवढंच आहे की तोंडाच्या तपासणीचं वय नागपूरपुरतं तरी ३० वरून १५ वर आणा, त्याला नवीन मशीन लागत नाही, एक टॉर्च, एक लाकडी पट्टी आणि बघणारा माणूस लागतो, डेंटल कॉलेजची मुलं शिकतच आहेत, त्यांना सोबत घ्या. आणि जागा नाही म्हणत असाल तर माझी मेस आहे. दुपारी साडेबारा ते अडीच आणि रात्री आठ ते दहा पोरं असतात, एक टेबल बाजूला लावून देते, लाइट चांगला आहे, आणि तपासायला येतील त्यांचं जेवण माझ्याकडून.

आपली,
मेस चालवणारी एक काकू,
मानेवाडा, नागपूर