पहिला सेफ्टी रेझर घेताना

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तुझ्या गळ्यावरच्या लाल पुळ्या बघून आईच्या जिवाला घोर लागलाय. माझ्या मते त्या तुझ्या रेझरच्या तीन पात्यांच्या कार्ट्रिजने, म्हणजे त्या बदलायच्या डोक्याने, आणल्यात. पुढचं पातं केस जरा ओढून धरतं, मागचं त्याला कापतं आणि उरलेला खुंट कातडीच्या आत जाऊन बसतो. तुझे केस कुरळे आणि राठ. असा केस वाढताना आतल्या आत वळतो आणि तिथे पुळी धरते. त्यात कार्ट्रिज महाग, म्हणून बोथट झालं तरी तू तेच ओढत राहतोस. तेव्हा सेफ्टी रेझर, म्हणजे एकच सुटं दुधारी ब्लेड घालायचा रेझर, घ्यायचं तुझ्या मनात आलं, हे फार बरं झालं.

तू फोटो पाठवलास तो जर्मन रेझर उत्तमच आहे. झोलिंगेन गावात पिढ्यान् पिढ्या हेच काम चालतं. पण आत्ता तुला त्याची गरज नाही. आपल्याकडे तयार होणारे पाचशे-सातशे रुपयांचे रेझर तुझं काम चोख करतील, फक्त ते पारखून घ्यायला हवेत.

माझी उमर कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे आणि हत्यारं घडवण्यात गेली, म्हणून मी त्यात काय बघेन ते सांगतो. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असतं, हातात धरलं तर लवतं. वरची टोपी आणि खालची पट्टी यांच्यामध्ये आवळलं की त्याला बाक येतो आणि त्या बाकामुळेच ते ताठ राहतं. ते नीट आवळलं गेलं नाही तर गालावर थरथरतं आणि कातडी सोलवटते. म्हणजे सगळी किंमत त्या डोक्याची. दांड्यावरची नक्षी, रंग, लाकडी पेटी यांवर एक रुपयाही घालवू नकोस.

तीन सुटे भाग होणारा रेझर घे: टोपी, पट्टी, दांडा. दांडा फिरवला की फुलपाखरासारखी दारं उघडतात तो प्रकार सोयीचा दिसतो, पण स्वस्तात घेतला तर सांधे लवकर ढिले होतात आणि फटीत साबणाचा चिकटा बसतो. पट्टीची कड सरळ असू दे. कंगव्यासारखे दात असलेली पट्टी चार-पाच दिवसांच्या वाढलेल्या दाढीसाठी ठीक, नवशिक्या हाताला नको.

दुकानात ब्लेड घालून दाखवायला सांग. रेझर डोळ्यांसमोर आडवा धर आणि उजेडाकडे तोंड कर. दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसली पाहिजे, आणि एकाच बाजूला या टोकापासून त्या टोकापर्यंतही सारखीच. एका कोपऱ्यात जास्त डोकावत असेल तर एकदा सैल करून पुन्हा आवळून बघ. तरीही तसंच राहिलं तर तो नग परत दे, दुकानदार काहीही म्हणो. ऑनलाइन मागवलास तर घरी आल्या आल्या हेच कर, परत पाठवायची मुदत संपायच्या आत.

मग धातू. या किमतीत डोकं बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचं आणि वर क्रोमचा मुलामा दिलेलं असतं. वाईट नसतं ते, पण मुलाम्याला कुठे टोचा पडला की पाणी आत शिरतं आणि जस्त फुगायला लागतं. टोपीखालचा आट्यांचा खिळाही त्याच धातूचा असतो, जोर लावून आवळला किंवा रेझर फरशीवर पडला तर तोच तुटतो. म्हणून दोन बोटांनी आवळायचा, बस्स. दांडा पितळी मिळाला तर आधी तो उचल. आटे बहुतेक एम-५ या एकाच ठरलेल्या मापाचे असतात, त्यामुळे पुढे डोकं गेलं तरी दांडा दुसऱ्या डोक्याला चालतो.

ब्लेडची चिंता नको. जिलेट यांना या दुधारी ब्लेडच्या रेझरचं पेटंट अमेरिकेत १९०४ साली मिळालं आणि १९२१ मध्ये त्याची मुदत संपली. तेव्हापासून हे ब्लेड कोणीही बनवतं. आजही कुठल्याही कंपनीचं दुधारी ब्लेड अशा कुठल्याही रेझरला बसतं. कार्ट्रिजसारखं एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घ्यावं लागत नाही, आणि मला या रेझरचं सगळ्यात मोठं कौतुक याचंच आहे. सेव्हन ओ'क्लॉक, सुपरमॅक्स, विल्किन्सन, प्रत्येकाचं एक-एक पाकीट आण आणि तुझ्या दाढीला कुठलं मानवतं ते बघ. जपानी फेदर आत्ताच नको, ते फार तिखट असतं. एक ब्लेड चार-पाच दाढ्या, केस ओढायला लागलं तर त्याच्या आधीच बदल.

दाढी आंघोळीनंतर कर, केस मऊ झालेले असतात. ब्रशने साबणाचा दाट फेस काढ, फोमचा डबा नको. दांडा गालापासून साधारण तीस अंशांवर धर आणि रेझरच्या वजनालाच काम करू दे, कार्ट्रिजची दाबायची सवय पहिल्या दिवशीच सोड. गळ्यावर आधी बोटं फिरवून केस कुठल्या दिशेने वाढतात ते चाचपून घे. बऱ्याच जणांचे तिथे आडवे किंवा वर जाणारे असतात. पुळ्या बसेपर्यंत फक्त केसांच्या दिशेने एकदाच हात फिरव. थोडे खुंट राहिले तर राहू देत, ऑफिसात कोणी भिंग घेऊन बसलेलं नाही. उलटा हात गळ्यावर मारूच नकोस. शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी.

वापरलेली ब्लेडं कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नकोस. कचरा वेगळा करणाऱ्या मावशींचे हात कापतात. एखाद्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला फट पाड आणि त्यात टाकत जा, वर्षानुवर्षं पुरेल. दिवाळीला विमानाने येशील तेव्हा सुटी ब्लेडं हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, तिथे काढून घेतात. इथे माझ्याकडे आहेत.

पंधरा दिवसांनी गळ्याचा फोटो पाठव. पुळ्यांमध्ये पू दिसला तर मात्र रेझर बाजूला ठेव आणि सरळ त्वचेच्या डॉक्टरकडे जा.

तुझा,
बाबा