फाईलमध्ये मशीनचा नंबर पण द्या

संपादक महोदय,
आईची बायपास झाली त्यानंतर चार महिन्यांनी छातीच्या टाक्यातून पाणी यायला लागलं, रोज सकाळी ड्रेसिंग बदलताना गॉजवर पिवळा डाग असायचा आणि आई विचारायची आज कमी आहे का गं, मी हो म्हणायचे. हॉस्पिटलवाले म्हणाले शुगरमुळे होतंय. असेलही. पण तेव्हा वाचता वाचता मला अमेरिकेतली हीटर-कूलरची केस कळली. ओपन हार्टच्या वेळी पेशंटचं रक्त थंड-गरम करायला हे मशीन लागतं, त्याच्या टाकीतल्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम कायमेरा नावाचा जंतू वाढला आणि पंख्याच्या हवेबरोबर उघड्या छातीपर्यंत पोचला, काही पेशंटना तर इन्फेक्शन कळायलाच वर्षं गेली. लोक कोर्टात गेले, आणि २०१९ मध्ये हे मशीन बनवणाऱ्या लिव्हानोव्हा कंपनीने सेटलमेंटसाठी २२.५ कोटी डॉलरपर्यंत तयारी दाखवली.

आपल्याकडेही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू बनवणाऱ्यावर दावा करता येतो, पण मुदत दोन वर्षांची, आणि मुळात पुरावा आणायचा कुठून? आईच्या जाडजूड फाईलमध्ये हातमोज्यांचं बिलसुद्धा आहे पण ऑपरेशनला कुठलं मशीन वापरलं ते एकाही कागदावर नाही, मागितलं तर म्हणाले असं देत नाही आम्ही. डिस्चार्ज पेपरवर मशीनचं मॉडेल, सिरीयल नंबर आणि शेवटची सफाई कधी झाली एवढं लिहिणं सरकारने सक्तीचं करावं, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, पुणे