संशोधन केंद्राचा पैसा मृगाआधी वावरात पोहोचावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संशोधनावरील सरकारी खर्चाची चर्चा निघाली की ती बहुधा उपग्रह, क्षेपणास्त्रे आणि संगणकाच्या चिपांभोवती फिरते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात बारा एकर कोरडवाहू शेती करतो; कापूस आणि तूर ही माझी मुख्य पिके. सरकारी संशोधन केंद्रांत काय काम चालते आणि तिथे पैसा कोणत्या महिन्यात पोहोचतो, याचा परिणाम माझ्या घरखर्चावर होतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

२०२०-२१ या वर्षात सरकार आणि खासगी उद्योग मिळून आपल्या देशाने संशोधन व विकासावर सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये खर्च केले. देशाच्या सकल उत्पादनाशी हे प्रमाण ०.६४ टक्के भरते. त्याच सुमारास चीनमध्ये ते २.४ टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरियात ४ टक्क्यांहून अधिक होते. आपल्याकडे या खर्चाचा मोठा भार सरकारच उचलते आणि केंद्राच्या वाट्यातली सर्वाधिक रक्कम संरक्षण व अवकाश या क्षेत्रांकडे जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले तेव्हा पाच वर्षांत उभारायच्या ५० हजार कोटींपैकी सुमारे ३६ हजार कोटी रुपये सरकारबाहेरून येतील असे गृहीत धरले गेले, आणि २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेली १ लाख कोटींची योजना मुख्यतः खासगी क्षेत्राला अल्प किंवा शून्य व्याजाने दीर्घ मुदतीचे भांडवल पुरवण्यासाठी आहे. उद्योगांनी संशोधनात पैसा घालावा हे चांगलेच आहे. पण जे ज्ञान पुडीत किंवा बाटलीत भरून विकता येत नाही, ते कोणी शोधायचे?

हा प्रश्न मला २०१७ च्या हंगामाने शिकवला. त्या वर्षी दिवाळीनंतर मी पऱ्हाटीवरून बाहेरून अगदी निरोगी दिसणारी वीस हिरवी बोंडे तोडली आणि धुऱ्यावर बसून विळ्याने एकेक फोडली. अकरा बोंडांत अळी निघाली. एका बोंडात सरकीचे दोन दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले होते; ते नखाने सोडवले तेव्हा आतल्या पोकळीत गुलाबी अळी अंग मुडपून बसलेली दिसली. अळी आत आणि औषध बाहेर, अशा स्थितीत फवारणीचा काय उपयोग होणार? तरी आम्ही फवारत राहिलो, कारण शेजारी फवारत होता. त्याच हंगामात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

बीटी कापूस म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेला कापूस. एका जनुकाच्या बीटीला २००२ मध्ये आणि दोन जनुकांच्या बीटीला २००६ मध्ये मान्यता मिळाली होती. गुलाबी बोंडअळी या दोन्हींना दाद देईनाशी झाल्याचे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ २०१७ च्या आधीपासून सांगत होते, कारण ठिकठिकाणची बोंडे गोळा करून, अळ्या प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर चाचण्या घेण्याचे किचकट काम ते दरवर्षी करत होते. या कामातून विकण्याजोगी कोणतीही वस्तू तयार होत नाही, तयार होतो तो वेळेवरचा इशारा. हा इशारा आमच्या गावापर्यंत पोहोचला नाही, आणि तो पोहोचवणे हेही संशोधनाच्या खर्चातच धरले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढून अडकवणाऱ्या कामगंध सापळ्याचेच उदाहरण घ्या. एकरी दोन सापळे लावा, रोज सकाळी अडकलेले पतंग मोजा आणि सलग ३ रात्री एका सापळ्यात सरासरी ८ पतंग आले तरच फवारणीचा विचार करा, ही शिफारस आज कृषी विभागाच्या भित्तिपत्रकावर दोन ओळींत मावते. या दोन ओळींमागे कित्येक हंगामांची मोजणी आहे. मी आता त्याप्रमाणे चालतो आणि मागच्या हंगामात माझ्या दोन फवारण्या टळल्या. औषध विकणारा माणूस ‘आज फवारू नका’ हे शोधण्यासाठी पैसे खर्च करणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षा करणेही गैर आहे. ते काम सार्वजनिक पैशाचेच आहे.

सरकारी संशोधनावर विसंबायचे कशाला, असे म्हणणाऱ्यांच्या तोंडी ‘बिकानेरी नरमा’चे उदाहरण असते. सरकारी संस्थांनी विकसित केलेले हे बीटीचे सरळ वाण होते. त्याची सरकी शेतकऱ्याला पुढच्या वर्षी पुन्हा पेरता आली असती. २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली, २००९ मध्ये बियाणे बाजारात आले आणि त्यात दुसऱ्याच जनुकाची भेसळ आढळल्याने ते त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. ही नामुष्की होती, हे मान्यच केले पाहिजे. पण त्यातून मी धडा घेतो तो वेगळा. प्रत्येक पिढीचे बियाणे तपासणारी माणसे, वेगळी ठेवलेली शेते आणि सुसज्ज प्रयोगशाळा यांवर आधीच खर्च झाला असता, तर घरचे बियाणे वापरण्याची सोय विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कदाचित तेव्हाच मिळाली असती. आज हाच शेतकरी बिगरमान्यतेचे चोरबीटी रात्रीच्या अंधारात विकत घेतो, त्याची पावती नसते आणि ते उगवले नाही तर दाद मागायला जागा नसते.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या भागातल्या एका लहान संशोधन केंद्रावर तुरीच्या नव्या वाणांची चाचणी पाहायला गेलो होतो. फाटकाजवळची इमारत नुकतीच रंगवलेली होती. मागच्या वावरात चाचणीचे वाफे होते, प्रत्येक वाण तीन वेगवेगळ्या ठिकाणी पेरलेले, कारण एका वाफ्यात जमीन भारी असेल तर दुसऱ्यात हलकी असते आणि तिन्हींची सरासरी काढल्याशिवाय वाणाचा खरा गुण कळत नाही. त्यातला एक संपूर्ण भाग आदल्या आठवड्यात रानडुकरांनी लोळवला होता. तारेच्या कुंपणाचा प्रस्ताव मंजूर होता, पण पैसे आले नव्हते. तिथल्या सहायकाने मोडलेल्या झाडांपाशी उभे राहून मला वही दाखवली. तिसऱ्या रकान्यात त्याने सगळीकडे आडव्या रेघा मारल्या होत्या. त्याच्याकडे तीन पिकांचे काम होते, मजुरांचे पैसे दिवाळीनंतर येतात म्हणून पेरणीच्या वेळी त्याने उधारीवर माणसे लावली होती, आणि मोडलेल्या वाफ्यांमुळे त्या वर्षीची आकडेवारी ग्राह्य धरली जाणार नव्हती. एका कुंपणापायी वाणाचे अख्खे वर्ष वाया गेले. संकरापासून शेतकऱ्याच्या हाती बियाणे येईपर्यंत आठ-दहा वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर असे एकेक वर्ष केवढ्याला पडते ते कळेल.

शास्त्रज्ञ वावरात फिरकत नाहीत, असे आमच्याकडे पारावर नेहमी बोलले जाते. त्यात काही तथ्य आहे आणि मीही ते बोललेलो आहे. पण तो सहायक वावरातच उभा होता, आणि त्याच्यासारख्या माणसाच्या हाताशी मजूर, डिझेल आणि कुंपण नसेल तर नुसता पगार देऊन संशोधन होत नाही. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात कृषी संशोधन व शिक्षण विभागासाठी सुमारे १० हजार ४६६ कोटी रुपयांची तरतूद होती. तिचा मोठा भाग वेतन आणि निवृत्तिवेतनावर खर्च होतो. ते द्यायलाच हवे. काटकसरीची वेळ आली की मात्र कात्री लागते ती चाचण्यांच्या चालू खर्चाला, कारण तो कमी केल्याने लगेच कोणी ओरड करत नाही.

काही प्रयोग तर असे असतात की त्यांत एका वर्षाचाही खंड चालत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी-गव्हाच्या पीकपद्धतीत खतांचा दीर्घकालीन परिणाम तपासणारा प्रयोग १९८८ पासून सुरू आहे. नुसते रासायनिक खत वर्षानुवर्षे घातलेल्या जमिनीत आणि त्यासोबत शेणखत घातलेल्या जमिनीत काय फरक पडतो, हे सांगायला तीन वर्षांचा प्रकल्प पुरत नाही. आमच्या वावरातला सेंद्रिय कर्ब घटल्याचे माती परीक्षणाचा कागद सांगतो. त्यावर उपाय काय, हे अशा प्रयोगातूनच कळते.

त्यामुळे राज्य आणि केंद्र सरकारकडे माझे मागणे आहे की संशोधन केंद्रांच्या तरतुदीत प्रत्यक्ष चाचण्यांच्या खर्चाचे वेगळे लेखाशीर्ष असावे, ती रक्कम वेतनात किंवा बांधकामात वळवता येऊ नये, आणि खरिपाचा हिस्सा मे महिन्याच्या अखेरीपर्यंत केंद्राच्या खात्यात जमा व्हावा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो आणि पाऊस मंजुरीसाठी थांबत नाही. प्रत्येक केंद्राने मागच्या वर्षी चाचण्यांवर किती खर्च झाला, पैसे कोणत्या तारखेला मिळाले आणि किती चाचण्या अर्धवट राहिल्या, एवढे तीन आकडे फाटकावरच्या फलकावर लिहावेत. आपल्या तालुका प्रतिनिधींनी हे आकडे मागवून छापले, तर आम्हा वाचकांना ग्रामसभेत आणि आमदार-खासदारांपुढे नेमका प्रश्न विचारता येईल.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ