आप्पांशी बोललात, त्याबद्दल

ताई,
सप्रेम नमस्कार.

आप्पांचा तंबाखू सुटावा म्हणून निपाणीहून त्यांना घेऊन बेळगावला तुमच्याकडं आले, त्याला आता सहा महिने होतील. वाटेत बसमध्ये ते एक शब्द बोलले नव्हते. त्याआधी एका दवाखान्यात कॅन्सरचे फोटो दाखवून त्यांना झापलं होतं, आणि घरी मी तरी वेगळं काय करत होते? चंची लपवायची, नातवंडांच्या शपथा घालायच्या, रडायचं. "तंबाखूवर तुमास्नी शिकवलं, आन् आता तंबाखू वाईट व्हय?" असं ते म्हणाले की माझ्याकडं उत्तर नसायचं.

तुम्ही पहिलाच प्रश्न विचारलात, "आप्पा, तंबाखूनं तुम्हाला काय काय दिलं?" मी हादरलेच. आप्पा मात्र अर्धा तास बोलले. वखारीतला तंबाखूचा उग्र खाट, उन्हात पानं वाळवायचे दिवस, १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या आंदोलनात हायवेवर मांडलेलं ठाण. तुम्ही मध्ये त्यांचंच बोलणं त्यांना परत ऐकवलंत, "म्हणजे तंबाखू म्हणजे तुमची सगळी हयातच की." तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली.

मग विचारलंत, शून्य ते दहामध्ये सोडणं कितपत महत्त्वाचं वाटतं? "चार." माझा चेहरा पडला. तुमच्या जागी मी असते तर "चारच?" म्हणून भांडले असते. तुम्ही म्हणालात, "चार का? एक का नाही?"

आप्पा बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाले, "भजनात अभंग रंगात आला की मधनंच थुकाय उठाय लागतंय. टाळ दुसऱ्याच्या हातात द्यायचा. बरं वाटत न्हाई."

इतक्या वर्षांत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, ताई.

नंतर तुम्ही मला समजावलंत. "दहा का नाही" विचारलं की माणूस न सोडण्याची कारणं शोधतो. "एक का नाही" विचारलं की सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून येतात. अमेरिकेतल्या विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी दारूच्या व्यसनावर काम करताना १९८३ साली ही बोलण्याची रीत पहिल्यांदा मांडली, हेही तेव्हाच कळलं. आपण सोडण्याच्या बाजूनं जितकं ओढावं, तितकी समोरच्याला उलट बाजू धरावी लागते. आमच्या घरात रोज हेच चालायचं, आणि मी आप्पांना हट्टी ठरवून मोकळी झाले होते.

तल्लफ येते तेव्हा काय करायचं, हे सांगण्याआधीसुद्धा तुम्ही "सांगू का?" म्हणून विचारलंत. आप्पांना आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून तर त्यांनी ऐकून घेतलं.

तंबाखू अजून पूर्ण सुटलेला नाही. दिवसाला दोन बार होतातच. मी आता मोजत नाही. रात्री जेवताना आप्पा आपणहून सांगतात.

तुमची ऋणी,
आप्पांची थोरली लेक