मैलापाणी केंद्रापर्यंत पोहोचतंय का, तेवढं आधी मोजा : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यातील मुळा-मुठेत जाणारे मैलापाणी

महोदय,

पुण्यात नदीचा विषय निघाला की एमएलडीचे, म्हणजे रोजच्या दशलक्ष लिटरचे, आकडे पुढे येतात. जुन्या मैलाशुद्धीकरण केंद्रांची क्षमता ४७७ एमएलडी. जानेवारी २०१६ मध्ये मंजूर झालेल्या, जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून होणाऱ्या ९९०.२६ कोटींच्या प्रकल्पात आणखी ११ केंद्रे, म्हणजे ३९६ एमएलडी. बेरीज बरोबर आहे. पण क्षमता म्हणजे टाकीचं माप. टाकीत रोज किती पाणी येतं, हे त्यातून कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीत देशातल्या शहरांचं सांडपाणी रोज ७२,३६८ एमएलडी आहे, उभारलेली क्षमता ३१,८४१ आणि प्रत्यक्ष शुद्ध होणारं २०,२३६. म्हणजे जे बांधलं, त्यातलाही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग मोकळाच राहतो.

याचं कारण रस्त्याखाली आहे. माणशी १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी हा सर्वमान्य हिशेब धरला, तर एक लाख वस्तीतून रोज १०.८ एमएलडी पाणी केंद्रात यायला हवं. मीटरवर ६ दिसत असेल, तर उरलेलं ४.८ आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला अशा कुठल्या तरी वाटेने नदीत गेलं. मुख्य वाहिनी टाकून झाली तरी सोसायटीचं चेंबर तिला जोडलेलंच नसतं. पावसाळी गटारात मैल्याची लाईन सोडलेली असते. सेप्टिक टँक उपसणारे टँकर रात्री नाल्यावर उभे राहतात, ते वेगळंच.

उलट बाजूही पाहावी. घरगुती मैलापाण्याचा बीओडी (त्यातली घाण कुजताना लागणारा प्राणवायू) साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम प्रतिलिटर असतो. भर उन्हाळ्यात केंद्राच्या इनलेटला, म्हणजे पाणी आत येतं तिथे, तो ८०-९० आला, तर वाहिनीत बाहेरचं पाणी शिरतंय हे नक्की समजावं. बहुतेक मुख्य वाहिन्या उतार मिळावा म्हणून नदी-नाल्यांच्या पात्रातून नेलेल्या असतात. चेंबरचे सांधे सुटले की नदीचं पाणी आत येतं, पंप तेच उपसत राहतात आणि नदीचंच पाणी शुद्ध करण्यावर वीज खर्ची पडते. गंमत अशी, की अशा पातळ पाण्यावर आउटलेटचा अहवाल झकास येतो. म्हणून ‘निकषांत बसते’ एवढ्या शेऱ्यावर आमचा विश्वास नाही. इनलेटचा बीओडी आणि प्रवाह शेजारी लिहिल्याशिवाय त्या शेऱ्याला अर्थ नाही.

केंद्राच्या आत बिघडतं ते मुख्यतः गाळामुळे. एक एमएलडीमागे रोज दीडशे ते अडीचशे किलो सुका गाळ निघतो. १०० एमएलडीच्या केंद्राचा ओला गाळ, यंत्रातून दाबून काढल्यावरही, रोज ७५ ते १२५ टन भरतो. तो न्यायला गाडी आली नाही, की गाळ टाकीतच साचतो, बसेनासा होतो आणि शुद्ध पाण्याबरोबर वाहून जातो. एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवलं तरी हे दिसतं. गाळाची रेघ ३०० मिलिलिटरच्या आसपास हवी. ती ८०० वर असेल तर कागदोपत्री काहीही असो, तिथून गाळ सुटतोय. केंद्राचं निम्म्याहून अधिक वीजबिल टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचं असतं. त्यामुळे रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह होतो, आणि नमुने घेतले जातात सकाळी अकरा वाजता! पंपिंग स्टेशनची वीज गेली तर तिथली मैलापाण्याची विहीर अर्ध्या तासाच्या आत भरते, आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट नाल्यात सोडलेला असतो. जनरेटर आहे का, एवढंच तपासलं जातं. त्याच्या टाकीत डिझेल आहे का, हे कुणी पाहत नाही.

उन्हाळ्यात खडकवासल्याखाली मुठेला स्वतःचं पाणी जवळजवळ नसतं. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१९ मध्ये केंद्राबाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी बीओडी १० ची मर्यादा सांगितली. आंघोळीयोग्य नदीला तो ३ च्या आत लागतो. विरळ करायला पाणीच नसेल, तर केंद्र चोख चाललं तरी नदी १० च्या आसपासच राहील आणि पाण्यात उरलेल्या स्फुरदावर (फॉस्फरसवर) जलपर्णी पोसली जाईल. म्हणून शुद्ध झालेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसण्याच्या विहिरीतून) शेतीसाठीच्या बेबी कालव्यात उचलणं आणि त्या बदल्यात धरणातून थोडं तरी पाणी नदीत सोडणं, हे एकत्रच ठरवावं लागेल. जलसंपदा खात्याला सोबत घेतल्याशिवाय ते होणार नाही. काठावर घाट बांधल्याने यातलं काहीच साधत नाही. खाली भीमेवर उजनी धरण आहे आणि सोलापूर त्याचं पाणी पितं.

आमच्या मागण्या मोठ्या खर्चाच्या नाहीत. प्रत्येक नाल्याच्या मुखाशी, केंद्राच्या इनलेटला आणि केंद्र टाळून पाणी बाहेर सोडणाऱ्या बायपासवर प्रवाहमापक बसवा. बायपासवर तो जवळजवळ कुठेच नसतो, आणि खरी चोरी तिथेच होते. नमुने चोवीस तासांचे एकत्रित घ्या. ठेकेदाराचं बिल आलेल्या पाण्यावर, काढलेल्या बीओडीवर आणि वजनकाट्यावर मोजलेल्या गाळावर द्या. नव्या केंद्राचं शेवटचं देयक त्याच्या हद्दीतल्या घरजोडण्या पूर्ण झाल्यावरच निघावं, आणि त्यासाठी जोडण्यांचं काम त्याच निविदेत असावं. बायपास कधी आणि किती वेळ उघडला, याची नोंद दर महिन्याला महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश तुमचं खातं या आठवड्यातही काढू शकतं.

आपले,
पुण्यातील मलनिःसारण क्षेत्रात काम करणारे काही अभियंते व रसायनतज्ज्ञ